जांभळाच्या बरणीचे संकल्प

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी नव्या वर्षाचे संकल्प लिहितो, हे माझ्या बायकोला ठाऊक होतं. कसले लिहितो ते ठाऊक नव्हतं. शाळेतून मिळालेल्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मी खरडत बसलो, की तिला वाटायचं, पहाटे फिरायला जायचं, चहातली साखर सोडायची, पोर्शन वेळेत संपवायचा, असलंच काहीतरी असणार. मी तिला तसं वाटू दिलं. प्रत्यक्षात त्या पानांवर असायचं: यंदा साखर पाव किलोनं कमी. बेकरीचं यीस्ट पुन्हा वापरायचं नाही. बरणी उकळत्या पाण्यानं दोनदा धुवायची. चार बाटल्यांच्या पाच करायचा लोभ नको.

मी घरी वाईन करतो. हे एवढंसं वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

वय बावन्न. बेळगावात टिळकवाडीत घर, हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गाव कंग्राळी, थोरला भाऊ तिथं शेती बघतो. मी पिणारा माणूस नाही, हे सांगितलं तर आता कोण विश्वास ठेवणार, पण ते खरं आहे. वर्षाकाठी चार बाटल्या होतात, त्यातली एखादी मला संपते. माझा जीव गुंतला तो पिण्यात नाही, करण्यात. खानापूरकडचे एक सहकारी शिक्षक दर नाताळाला आपल्या घरी जांभळाची वाईन देत. एका वर्षी मी ती कशी करतात ते विचारलं आणि जूनमध्ये, जंगलाकडच्या बायका पाट्या घेऊन बाजारात बसतात तेव्हा, चार किलो जांभळं घेऊन आलो. कुस्करली, पाणी-साखर-यीस्ट घातलं, बरणीच्या झाकणातून एक नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. दुसऱ्या दिवशी ग्लासात बुडबुडा आला. मग आणखी एक. 'किण्वन' हा शब्द मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो, पोरांकडून पाठ करून घेत होतो. ते घडताना कान लावून ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

कायदा काय म्हणतो ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पण लपवण्याचं कारण कायदा नव्हता. कारण अण्णा होता, माझा थोरला भाऊ. अण्णा पंधरा वर्षं प्यायला. खासबागेतल्या एका बारसमोरून मी त्याला दोनदा रिक्षात घालून घरी नेलंय, आणि दोन्ही वेळा वैनीनं दारातच खाली बसून त्याचे बूट काढलेत. मग त्यानं सोडली. कशी सोडली ते त्याचं त्याला माहीत, पण आज अकरा वर्षं झाली, त्यानं शिवलेली नाही. आमच्यात तेव्हापासून दारू हा शब्दच कुणी काढत नाही. लग्नाच्या वरातीत कुणी प्यालेला दिसला, तर आमच्याकडच्या बायका 'त्यांची तब्येत बरी नाही' म्हणतात. अशा घरात, भाऊ सुटल्याच्या दुसऱ्याच वर्षी, मी बरणी भरली.

बायकोला ती जिन्याखाली सापडली तेव्हा मी म्हणालो, जांभळाचं आसव आहे, शुगरला चांगलं. तोंडातून सहज गेलं. नंतर मी स्वतःला समजावत राहिलो की आसवातही थोडी दारू असतेच, म्हणजे तसं खोटं नाही. विज्ञानाचा मास्तर असल्याचा एवढा फायदा मी तेव्हा करून घेतला.

खोटं नुसतं पडून राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्याकडे औषध पडून राहत नाही. एकाला गुण आला असं कळलं, की ते चार घरांत जातं. दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या तोंडावर, वैनी अण्णाच्या शुगरचा रिपोर्ट घ्यायला बेळगावात आली होती. शुगर वाढलेली. जाताना आमच्या घरी चहाला टेकली. मी शाळेत होतो. बायकोनं फ्रीजमधून एक बाटली काढली, कागदात गुंडाळली आणि वैनीच्या पिशवीत घातली. रोज सकाळी दोन चमचे, असंही सांगितलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा ती हे मोठ्या समाधानानं सांगत होती. "तुम्ही एवढं करून ठेवता, आपण दोघंच किती पिणार? भाऊजींना तरी उपयोग होईल."

मी हातपाय धुवायला म्हणून आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

स्कूटरनं कंग्राळीला जायला अर्धा तास लागतो. त्याच वेळी निघायला हवं होतं. बाटली आंबली आहे, चुकीची गेली, काहीही सांगता आलं असतं. पण अण्णानं ती उघडली असली तर त्याच्यापुढे हे चालणार नव्हतं, आणि उघडली नसली तर उद्या जाऊ, असं मी ठरवलं. उद्या शाळेत तपासणी होती. परवा मला धीर झाला नाही. आठ दिवसांनी वैनीला फोन केला, सहज केल्यासारखा. ती म्हणाली, रोज न चुकता घेत्यात, दोन चमचं. मी फोन ठेवला. अकरातली नऊ वर्षं तोवर झाली होती. ती मी माझ्या हातानं मोडली, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी कुणालाही काही बोललो नाही.

दीड महिन्यानं वैनीचा आनंदानं फोन आला, शुगर उतरली. त्याच फोनवर तिनं दुसरंही सांगितलं: हल्ली ते मंगळवारी बेळगावला जातात, बियाण्यांच्या दुकानात काम आहे म्हणतात, काम काय ते सांगत नाहीत, आणि आल्यावर गप्प असतात. मंगळवारी कुठे जात असेल ते मला लगेच समजल्यासारखं झालं. खासबागेतला तो बार मला दिसायला लागला. एका मंगळवारी मी शाळेतून लवकर निघून त्याच्यासमोरून स्कूटरवर दोनदा गेलोही. थांबलो नाही. अण्णा आत दिसला असता तर मी काय करणार होतो?

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की त्या जूनमध्ये मी पुन्हा जांभळं आणली. बरणी भरली नसती तर बायकोनं 'का?' म्हणून विचारलं असतं, त्या भीतीनं. पुढच्या संक्रांतीला वैनीनं निरोप पाठवला, यंदाचं औषध पाठवा. तेव्हा मी आयुर्वेदिक दुकानातून तयार जांभूळरस आणला, आमच्या बाटलीत ओतला आणि तो पाठवला. महिन्यानं वैनी म्हणाली, "यंदाचं तेवढं गुणाचं न्हाय भाऊजी. हात बिघडला तुमचा."

गेल्या डिसेंबरात डायरी घेऊन बसलो, तेव्हा पेन चालेना. साखरेचं काय लिहू, यीस्टचं काय लिहू. शेवटी एकच ओळ लिहिली: अण्णाला सांगायचं. ती लिहून झाल्यावर मात्र पान फाडता येईना. आतापर्यंतचे माझे सगळे संकल्प मी कमीजास्त पाळले होते, बरणीपुरते का होईना.

वर्षाच्या पहिल्या रविवारी सकाळी कंग्राळीला गेलो. वैनी म्हणाली, कोबीत हाईत. अण्णा वाफ्यात पाणी सोडत होता. मी बांधावरून चालत त्याच्यापर्यंत गेलो आणि रामराम म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, की दोन वर्षांपूर्वी वैनीनं आणलं ते आसव नव्हतं, वाईन होती, मी घरी केलेली, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं.

अण्णानं खोऱ्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं.

"पंधरा वर्षं पिलोय मी," तो म्हणाला. "आसव कुठलं आन् दारू कुठली, एवढं कळत न्हाय व्हय रं मला? बूच काढलं तवाच कळलं."

मी विचारलं, मग रोज दोन चमचे?

"पयल्या दिवशी चमचा ओठापातूर नेलता. खोटं कशाला बोलू. मग हात खाली घेतला." वैनी बाटलीवर नजर ठेवायची, किती उतरली ते बघायची, त्यामुळे एकदम ओतून टाकता येईना. म्हणून तो रोज चमचा घेऊन न्हाणीत जायचा, दोन चमचे मोरीत सोडायचा, चूळ भरायचा आणि तोंड वाकडं करून बाहेर यायचा. बाटली संपेपर्यंत, दीड महिना. मी म्हणालो, वैनीला सांगायचं होतंस. तर म्हणाला, तिला सांगितलं असतं तर ती उन्हातान्हाची चालत तुझ्या दारात आली असती आणि सगळ्या गल्लीला कळलं असतं, मास्तर काय करतोय ते.

म्हणजे दीड महिना, रोज सकाळी, ज्या वासापासून तो पळाला होता तोच वास त्यानं हातात धरला, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. हे त्यानं असं सांगितलं नाही. मी लिहितोय.

मंगळवारचं मी विचारलंच. त्या वासानं मन हललं होतं, तो म्हणाला. म्हणून सोडलेल्या लोकांची मंगळवारी बैठक असते तिथं पुन्हा जायला लागला. अर्धे कन्नडमध्ये बोलतात, अर्धे मराठीत, चहा होतो, आपापलं सांगतात. मधली काही वर्षं त्यानं जाणं सोडलं होतं, आता सोडत नाही. "बरंच झालं म्हण. मला वाटाय लागलतं, मी आता पक्का झालो."

मग खोरं मातीत रोवून त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"पर मला घोर लागला तो तुझा. म्हटलं धाकटा प्याया लागला. माझ्याच वळणावर गेला. बैठकीस्नं येताना मी तुझ्या घरावरनं जातोय की दर मंगळवारी. गेटातनं बघतोय, डोळं कसं दिसत्यात, हात कापतोय का."

मला हसू आलं. काही केल्या थांबेना. दोन वर्षं मी त्याला बारमध्ये शोधत होतो आणि तो मला माझ्या अंगणात. हसता हसता मी बांधावर खाली बसलो, आणि मग ते हसू राहिलं नाही. अण्णा पुन्हा पाण्याकडे वळला. पाणी दुसऱ्या वाफ्यात भरून वाहायला लागलं तेव्हा म्हणाला, "ऊठ, कोबी तुडवाय लागलास."

जेवताना त्यानं मला वैनीला सांगायला लावलं. मी नाही सांगणार, तुझं तू सांग, म्हणाला. मी सांगितलं. वैनी भाकरी थापता थापता थांबली. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग शुगर कशानं उतरली?"

"चालण्यानं," अण्णा म्हणाला. "मंगळवारी स्टँडपास्नं चालत जातोय की मी."

त्यावर ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. निम्मं त्याला होतं, निम्मं मला, आणि सगळं बरोबर होतं. शेवटी म्हणाली, भाकरी निवाय लागली, जेवा. निघताना मी अण्णाला विचारलं, सोडू का मी हे? तो म्हणाला, मी सोडलं ते माझं, तुला सोड म्हणाय मी कोण. फक्त माझ्या घरात औषध म्हणून काही पाठवू नकोस.

बायकोला त्याच दुपारी सांगितलं. वाईनचं तिला फारसं काही वाटलं नाही. "माझ्या हातानं द्यायला लावलंत," एवढंच ती म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मला सोसलं. गप्प बसणं काय असतं, ते मला चांगलं माहीत होतं. हे निदान उघड होतं, कशासाठी आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. त्या दोन रात्री मी सलग झोपलो. कितीतरी दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी तिनं डायरी मागितली आणि नऊ वर्षांची मागची पानं वाचली. मग यंदाचं पान तिच्यासमोर लिहिलं. एकच बरणी. जिन्याखाली नाही, गच्चीवरच्या खोलीत, कुलपात, आणि किल्ली तिच्याकडे. फ्रीजमध्ये एकही बाटली नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात वाईन असं लिहायचं, मराठीत आणि कन्नडमध्येही. कुणी आसव मागितलं तर दुकानाचा पत्ता द्यायचा. मी द्राक्षाची एक छोटी बरणी करून बघणार होतो, ते तिनं खोडलं. मी वाद घातला नाही.

ती वाटाणे सोलत बसली होती. मी डायरी मिटणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "आणि हे बिघडलं, तर तुम्हाला कसं कळतं?"

मी सांगायला लागलो. वरती पांढरी साय धरते ती कसली, वास कसा बदलतो, तिसऱ्या वर्षी अख्ख्या बरणीचा व्हिनेगर कसा झाला आणि तो मी भर दुपारी, ती माहेरी गेलेली असताना, बादलीतून मोरीत कसा ओतला. शाळेतसुद्धा मी इतकं कधी बोलत नाही. तिनं मध्येच दोनदा 'मग?' म्हणून विचारलं.