गाठीखालची जखम

आमच्या भागात घट्ट नेसणारी बाई कामाची आणि सैल नेसणारी आळशी, हे ठरलेलंच होतं. नऊवारी लुगडं कमरेला आवळून गाठ मारायची आणि दिवसभर उसात खुरपायचं. वर्षानुवर्षं एकाच जागी काच बसून प्रत्येकीच्या कमरेला काळा पट्टा उठलेला असे, त्याचं कुणाला काही वाटत नसे. माझ्या पट्ट्यात उजव्या अंगाला, अगदी गाठीखाली, एक जखम झाली आणि बेचाळीस सालच्या उन्हाळ्यापासून ती काही भरेना.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. सासर इस्लामपूरजवळच्या खेड्यात. मालक पलटणीत, लढाईवर मिसर देशात. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि मी. सासूबाईंनी तेलात हळद परतून बांधली. जखम ओली राहिली तेव्हा म्हणाल्या, "गाठ डाव्या अंगाला मार." सैल नेस, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

दिरांची साताऱ्याला कोर्टात तारीख होती, म्हणून मलाही डॉक्टरकडं नेलं. माझ्यासाठी म्हणून कुणी गाडी जुंपली नव्हती. परपुरुषाला कंबर दाखवायची नाही, असं सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं. मग तिथं सोबत आलेल्या जावेनं स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून जागा दाखवली, डॉक्टरांनी तिच्या कमरेकडं बघितलं आणि मलम मला दिलं. आठ महिने मी ते मलम लावलं. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आठ महिन्यांत जखमेच्या कडा फुलून वर आल्या, वास यायला लागला. जाऊ माझ्या पंगतीला बसेना, तेव्हा कुठं सांगलीला न्यायचं ठरलं. तिथले सर्जन वयस्कर होते. त्यांनी जावेला बाहेर बसवलं, लुगडं बाजूला करायला लावलं आणि बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "गाठ इथंच मारता का, बाई?" वर्षभरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

त्यांनी दिरांना बोलावून सांगितलं, हा चामडीचा कॅन्सर आहे. यावरचा खास इलाज फक्त मुंबईला. तिथं नेणं होत नसेल तर मीच रुंद कापून काढतो, पण महिन्याच्या आत. जांघेत गाठी उतरल्या तर मग माझ्या हातात काही नाही.

दीर म्हणाले, "आवं डाक्टर, बाईमाणूस कापायचं म्हंजी तिच्या धन्याला इचारल्याबिगर कसं जमायचं? मी अंगठा दिला आन् काय इपरीत झालं, तर भावाला तोंड कसं दावू?"

मी मराठी सातवी पास होते. दिरांसमोर कधी तोंड न उघडणारी मी त्या दिवशी बोलले. "माझी सही घ्या की. मला लिहिता येतं."

डॉक्टर खाली बघून म्हणाले, "घरच्या पुरुषमाणसाची संमती लागते, बाई."

कंबर माझी, जखम माझी, मरणारी मी. आणि अंगठा कुणाचा, तर ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्याचा.

घरातली पत्रं मीच लिहायची आणि आलेली मीच वाचून दाखवायची. त्यामुळं मला कापू द्यावं का, हे नवऱ्याला विचारणारं पत्रही दिरांनी सांगितलं आणि मीच लिहिलं. महिना गेला, दुसराही गेला. त्या दिवसांत चळवळीची पोरं टपालाच्या थैल्या जाळत. इंग्रज जावा असं मलाही वाटे, पण आमच्या वाटेवरची थैली तेवढी सोडा, म्हणून मी देवाला हात जोडत होते. रोज आंघोळीला बसले की जांघ चाचपून बघायची.

अखेर पत्र आलं. सोप्यात सासू, दीर, जाऊ सगळी बसली. मी फोडून आधी मनात वाचलं. त्यात होतं, "सध्या काही करू नये. डॉक्टर लोक भीती घालतात. मी रजेवर आल्यावर बघू."

"वाच की," दीर म्हणाले.

मी वाचलं. "आईस साष्टांग नमस्कार" हा मायना खरा वाचला. पुढं वाचलं, "डॉक्टर सांगतील तसे लगेच करावे. दादांनी माझ्या वतीने अंगठा द्यावा."

"मग झालं तर," दीर म्हणाले. "त्याचीच मर्जी हाय म्हटल्यावर आपलं काय?"

पत्रं आम्ही तारेला अडकवून ठेवत असू. ते पत्र मी चुलीत घातलं आणि तारेला एक जुनंच अडकवलं.

सांगलीला डॉक्टरांनी तळहाताएवढा तुकडा काढला. जांघेत अजून काही उतरलं नव्हतं. दोन महिने मी पालथी नाहीतर कुशीवर झोपले. परत आले ती सैल नेसूनच. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

लढाई संपल्यावर मालक आले. भेटायला भावकी जमली होती, मी चहा घेऊन आले. दीर कौतुकानं सगळ्यांना सांगत होते, "ह्याच्या एका पत्रानं बाईचा जीव वाचला बगा. न्हाईतर आमी काय करणार हुतो?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. आपण काय लिहिलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, आता विचारतील, रागावतील, निदान लाजतील तरी. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "व्हय. म्हटलं, उशीर नगं."

पुढं कितीतरी वर्षं ते ही गोष्ट पाहुण्यांना सांगत राहिले, मिसरातून आपण बायकोला कसं वाचवलं ती. प्रत्येक वेळी मी तिथंच असायची. पत्र कुणी वाचून दाखवलं, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. आता ते नाहीत, दीरही नाहीत, म्हणून लिहिते. त्यांनी नको म्हणून कळवलं होतं. हो म्हणाले ती मी.