काय न्हाई झालं, जावा

कुणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं म्हणजे अर्ज किंवा परीक्षेचा पेपर, एवढंच मला ठाऊक. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय ते हयात आहेत आणि त्यांना हे आवडणार नाही. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्यांना सगळे मेस्त्री म्हणत. साताऱ्याहून मेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, करंज्याच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. गाडी आली की ते बॉनेटला हात लावायचे नाहीत. आधी मागच्या बाकावर जाऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चला." मालकानं गाडी कण्हेरच्या बाजूला थोडी फिरवून आणायची. परत आल्यावर मेस्त्री उतरायचे, बॉनेट उघडून एखादी वायर, एखादा नट चाचपायचे, बॉनेट अलगद खाली टाकायचे आणि हात पुसत म्हणायचे, "काय न्हाई झालं. जावा."

बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसायचं. तीच पंचाईत होती.

तुम्ही गाडीवाल्याच्या घरात वाढला असाल तर तुम्हाला हे कळेल. माणूस गाडी घेऊन येतो तो घाबरून येतो. आपण जेवढे घाबरलो तेवढं मोठं काहीतरी मोडलेलं निघावं, असं त्याला वाटत असतं. डॉक्टरनं इंजेक्शन न देता परत पाठवलं की आमच्याकडची माणसं नाराज होऊन दुसरा डॉक्टर गाठतात, तसंच हे.

माझे वडील, आबा, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी जुनी जीप घेतली आणि मेढा-सातारा वडाप सुरू केलं. एसटी यायच्या आधी माणसं भरायची आणि कुणाला हलायला जागा उरली नाही की निघायचं. मी त्याच जीपनं कॉलेजला यायचो आणि तास संपले की मेस्त्रींच्या शेडात बसून आबांची वाट बघायचो. मेस्त्री मला 'कालेज' म्हणत. "कालेज, च्या घेणार का?" आबा नाईक म्हणून निवृत्त झालेले, पण मेस्त्री त्यांना सुभेदार म्हणत. "आवं, सरकारनं न्हाई दिलं ते आमी दिलं," म्हणायचे, आणि आबा लटकं रागवायचे.

एकदा साताऱ्यातले एक वकील फियाट घेऊन आले. मागून खडखड ऐकू येत होती. मेस्त्री नेहमीप्रमाणे मागं बसून फिरून आले आणि सीटखाली हात घालून त्यांनी एक अडकित्ता बाहेर काढला. तो वकिलांच्या हातावर ठेवून म्हणाले, "काय न्हाई झालं. आईसाहेबांचा असंल, द्या त्येंना. जावा." पैसे घेतले नाहीत.

वकील हसले नाहीत. तिथून ते सरळ शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेले आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलून आले. खडखड आधीच थांबली होती. पण ती शॉकॲब्सॉर्बरनं थांबली असं ठरलं, आणि करंज्याच्या मेस्त्रीला काही कळत नाही हेही ठरलं. वकील ते कोर्टाच्या आवारात भेटेल त्याला सांगत राहिले. आमच्या वर्गातल्या एकाकडून ते माझ्या कानावर आलं. मी चिडून मेस्त्रींना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्येंचं काय चुकलं रं? एवढा मोठा माणूस. गाडी अडकित्त्यानं वाजत हुती म्हणून चारचौघांत कसं सांगायचं त्येनं?"

शेडामागच्या खोलीतून काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "ह्येंनी दवाखाना काढला असता तर मढं बी घरी धाडलं असतं. काय न्हाई झालं, जावा म्हणून."

मेस्त्री खूप हसले. काकी हसल्या नाहीत.

त्यांच्याकडे गाडी मुक्कामाला राहायचीच नाही. आली की गेली. त्यामुळे शेडासमोरचं अंगण कायम रिकामं, आणि रिकाम्या अंगणात कोण गाडी घालतो? त्या मोठ्या गॅरेजात गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या असायच्या. लोक म्हणायचे, बघा किती विश्वास आहे.

अंगणाकडे जागामालकही बघत होता. एक दिवस तो येऊन म्हणाला, "मेस्त्री, माझा मेव्हणा सिमेंटचं दुकान टाकायचं म्हणतोय. तुमचं चालत असतं तर इशयच नव्हता. पर हितं गाड्याच दिसत न्हाईत. दिवाळीपतूर बघू."

मेस्त्रींची सगळी हयात त्या शेडात गेलेली. बाहेर दुसरी जागा घेण्याइतकं त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

त्याच सुमारास आमची जीप चढाला अडखळू लागली. मेस्त्री मागं बसले, फिरून आले, डिझेलचा फिल्टर धुऊन लावला आणि म्हणाले, "कचरा हुता, सुभेदार. काय न्हाई झालं." जीप नीट चालू लागली. पण आबांना चैन पडेना. एवढ्या लवकर बरी कशी झाली, घाटात दगा दिला तर, माणसं भरलेली असतात. शेवटी ते मोठ्या गॅरेजात गेले. जीप आठवडाभर तिथं होती आणि मी एसटीनं कॉलेजला जात होतो.

जीप घेऊन ते मेस्त्रींकडे आले ते चहाला, नेहमीसारखे. पंप बदलला, रिंगा टाकल्या, असं कौतुकानं सांगू लागले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं केलं, सुभेदार," एवढंच म्हणाले.

वकिलांचं त्यांना लागलं नव्हतं. हे लागलं असावं, असं मला वाटतं.

परतताना मी आबांना म्हणालो, "मेस्त्री खोटं कशाला सांगतील?"

"खोटं कोण म्हणतंय? माणूस सोन्यासारखा हाय," आबा म्हणाले. "पर सोन्यासारख्या माणसाला काम येतंयच असं काय हाय व्हय?"

दिवाळी जवळ आली होती. मी शेडात बसलो असताना मेढ्याचाच एक वडापवाला जीप घेऊन आला. इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येतोय म्हणाला. मेस्त्री फिरून आले. बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा बोटानं दाबून पाहिला, बॉनेट अलगद खाली टाकलं आणि हात पुसायला लागले. पट्टा ढिला झालाय, हे मलासुद्धा कळलं होतं.

"काय..." ते म्हणाले आणि थांबले. रिकाम्या अंगणाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "इंजान खोलावं लागंल. दोन-चार दिस ठिवून जा."

वडापवाल्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलंय. "मला वाटलंच हुतं," तो म्हणाला, आणि चावी देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती जीप अंगणात रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी उभी होती. तिला कुणी हात लावलेला नव्हता. बॉनेटवर धूळ तशीच होती. मेस्त्री शेजारी फळकुटावर बसून चहा पीत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "परीक्षा कवा हाय रं?"

मी सांगितलं. अंधार पडायच्या आत तिथं आणखी एक गाडी येऊन थांबली.

नंतर पुढच्या शिक्षणाला मी सांगलीला आलो आणि त्यांची भेट राहिली. गेल्या महिन्यात आबा आत्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला घेऊन आले, म्हणून मी दवाखान्यात गेलो. आत्याला आत नेल्यावर आम्ही आवारात जीपला टेकून उभे राहिलो. मी मेस्त्रींची चौकशी केली.

"जोरात हाय गडी," आबा म्हणाले. "जागा इकत घेतली त्यानं. अंगणात पाय ठिवाय जागा न्हाई. त्यो वकील बी आता तितंच गाडी लावतो. आपली जीप परवा धा दिवस हुती त्याच्याकडं. गिअरबाक्स खोलला."

"मागं बसून बघितलं का त्यांनी?"

"न्हाई. आता कुठनं सवड हाय त्याला."

"काय झालं होतं गिअरबॉक्सला?"

"ते मला काय म्हाईत?" आबा म्हणाले. "त्यानं सांगितलं म्हंजी असंल की. आता लय इस्वास बसलाय बघ त्याच्यावर, समद्यांचा."