बरणीतली पिल्लं

नातीच्या काचेच्या टाकीतून शेवाळाचा वास आला की पालमचं सासर आठवतं. निजामाच्या काळात सासऱ्यांनी हैदराबादहून बरणीभर मासे आणले, त्यांना पिल्लं झाली. आमचं घर लिंगायत, मुंगीही न मारणारं. सासरे पिल्लांना ज्वारीचं पीठ घालायचे आणि पिल्लं मरायची. माझं माहेर गोदावरीकाठचं, म्हणून मी भीतभीत म्हणाले, "मामा, हौदातले बारीक किडे पायजेत त्यायला." "जीव घालून जीव जगवायचा व्हय?" म्हणत ते उठून गेले. सकाळी पाहिलं, तर पिण्याचं पाणी गाळायच्या फडक्यात त्यांनीच हौदातले वळवळते किडे धरले होते. गळ्यातलं लिंग मुठीत घेऊन त्यांनी ते किडे बरणीत सोडले. पिल्लं त्यांच्यावर तुटून पडली. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. नात टाकीत किडे सोडते, तेव्हा माझाही घास हातातच राहतो.