टॉवेलखालचा ड्रम

लग्नाच्या हॉलवर मी फारच लवकर पोहोचलो. स्टेजवर ऑर्केस्ट्रातले म्हातारे ड्रमवाले एकटेच ड्रम जुळवत बसले होते. एक स्क्रू चावीने जरासा पिळायचा, मग बरोबर त्याच्या समोरचा. काठाशी काडीने हलकेच वाजवून कान देऊन ऐकायचं. एक जागा काही केल्या जुळेना. त्यांनी सगळे स्क्रू सैल केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"माईक अजून लावले नाहीत?" मी विचारलं.

"लावतच नाहीत आता. आवाज कॉम्प्युटरमधून येतो. हे नुसतं स्टेज भरलेलं दिसावं म्हणून."

"मग जुळवता कशाला?"

"बेसूर ड्रमपुढे बसवत नाही हो."

माझी नजर माझ्याच बुटांवर गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज सकाळी नऊला मी ते पॉलिश करतो, घालतो आणि खुर्चीत बसून राहतो. कुठेही जायचं नसतं. त्याला मी आजवर शिस्त म्हणत आलो.

अखेर ड्रम जुळला. शेवटचा ठोका रिकाम्या हॉलभर घुमला. ते क्षणभर हसले. मग पिशवीतून जाड टॉवेल काढून त्यांनी तो ड्रमवर नीट पसरला, चुकूनही आवाज येऊ नये म्हणून.