अक्कांची टाच आणि कानबाईचा पाट

लग्न करून मी जळगावहून शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात आले, त्याला दोन वर्षं झाली होती. गावात रंगीत टीव्ही नुकताच आलेला. श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसायची. नारळाची, नथ आणि दागिने घातलेली देवी. सोमवारी सकाळी तिचा पाट डोक्यावर घेऊन नदीपर्यंत नाचत जायचा मान मोठ्या जाऊबाईंचा. मी त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्या नाचाचं अख्ख्या गल्लीला कौतुक, आणि मला भारी हेवा.

त्या वर्षी सणाच्या तोंडावर शेतात अक्कांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काढला, तरी टाच सुजली. अक्का चवड्यावर लंगडायला लागल्या. यंदा कानबाई नाचवायची नाही, नुसती हातावर न्यायची, असं सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांची तोंडं उतरली. मी पटकन बोलून गेले, मी नेते की. सासूबाईंनी असं पाहिलं माझ्याकडे, की मी मुकाट भाकरी थापायला बसले.

दुपारी मात्र अक्कांनी मला मागच्या अंगणात गाठलं. डोक्यावर पाट दिला, त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचलेली, चवड्यांवर उड्या मारणारी. पहिल्याच ठेक्याला तांब्या अंगावर! मान ताठ धरली, तरी तेच. अक्का खाटेवर बसून पोट धरून हसत होत्या. मग म्हणाल्या, "मान सोड. बठ्ठा भार टाचवर शे. टाच टेक, मंग नाच."

राग आला मला. पण सगळा भार टाचेवर घेतला, ती घट्ट टेकवली, गुडघे सैल सोडले, आणि काय सांगू, वर पाट जागचा हलेना आणि खाली मी हवी तशी डुलतेय. दोन दिवसांनी सासूबाई येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात तो होकारच.

सोमवारी वाजंत्री लागली. चिखलातून, अनवाणी, टाचा रोवत मी नाचत निघाले. हसू आवरत नव्हतं. अक्का टाळ्या देत माझ्यापुढे उलट्या चालत होत्या. उलटं चालताना चवडाच आधी टेकतो, म्हणून त्यांना ते सोपं पडत होतं.

नदीवर पाट उतरवायला त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुढला साल बी तूच ले."

तोवर त्यांची टाच बरी होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. मला रडूच फुटलं. दोन्ही हात पाटाला, डोळे पुसणार कशी? अक्कांनी आपल्या पदरानं ते पुसले, आणि मगच पाट उतरवला.