मायसाठी शोधलेली वस्ती

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याची कधी लाज वाटली नाही. बाईमाणूस एकटी राहते, एकटी कमावते, तर चार लोक वचकून असलेले बरे, असंच मी समजत आले. आता पुढचं ऐका आणि काय समजायचं ते समजा.

वडील गेले आणि माय गावात एकटी पडली. आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, धानाचं. मळणी सुरू झाली की अख्ख्या गावावर भुसा उडतो, आणि मायला दमा. लागोपाठ दोन वर्षं दिवाळीनंतर तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं. "म्हातारीला धुळीत ठेवायचं असेल तर पुढच्या वर्षी माझ्याकडे आणू नका," म्हणाले. मी तिला चंद्रपूरला घेऊन आले. धुळीपासून वाचवायला कोळशाच्या गावात! आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. पण नोकरी तिथे, दवाखाने तिथे. दुसरीकडे नेणार कुठे होते?

माझी खोली जिन्याखालची, एका जिवापुरती. दोघींसाठी घर पाहायला निघालो. मायला नीट श्वास घेता यावा, एवढंच मला हवं होतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसंच सांगत होते. मायला हवं होतं ते वेगळं. तिला बोलायला माणूस हवा होता.

पहिलं घर पाहिलं ते बुद्धविहाराजवळच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर तीन बाया तांदूळ निवडत बसलेल्या. निम्मी वस्ती आमच्याच भागातून कामाला आलेली. माय टेकली आणि पाच मिनिटांत त्यातल्या एकीच्या माहेरच्या गावाचा पत्ता लागला, दहा मिनिटांत नातंही निघालं. मी घरमालकाशी नळाच्या पाण्याचं बोलत होते, तर ही तिकडे खो खो हसते आहे. वडील गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"इथी बरं हाय वं," मला म्हणाली. "सारे आपल्यासारखेच बोलून राह्यले."

"बोलण्यानं दमा जातो काय?" मी म्हटलं. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि तिच्या डोळ्यांपुढे धरलं. बोट काळं झालं होतं.

तेव्हा माय म्हणाली, की बोटानं काय कळते, साडी टाकून पाहू. ही तिची गावाकडची रीत. वाळवणं घालायच्या आधी, कोणत्या अंगणात किती धूळ उडते हे पाहायला ती एक पांढरं ओलं कापड दोरीवर टाकायची आणि वाळल्यावर उन्हात धरून बघायची. कुरड्या खराब झाल्या तर वर्षाचं वाळवण जातं, म्हणून आधी कापडाची परीक्षा. तिच्याजवळ विहारात नेसायची पांढरी साडी होती. ती धुऊन आम्ही त्या घराच्या गच्चीवर टाकली. मालक हसला, पण टाकू दिली.

दुसऱ्या दिवशी साडी झटकून धरली, तर तीळ सांडावेत तसे बारीक काळे ठिपके. मी म्हटलं, झालं, विषय संपला. माय साडी घडी करत म्हणाली, "साडी काळी झाली त धुता येते. माणूस नसन त मी काय करू वं, भिंतीसंग बोलू?"

मला ते घर नकोच होतं, आणि त्याचं कारण धूळ नव्हती.

कारण होता एक नवीन लेआऊट, प्लॉट पाडून वसवलेली वसाहत. गावाबाहेर, जंगलाच्या बाजूला, रुंद रस्ते, घरापुढे कडुनिंब. माझ्या ऑफिसातले दोन-तीन साहेब तिथेच राहायचे. तिथे मी फोन केला की आधी विचारायचे, "जेवण कसं तुमचं?" मग विचारायचे, "आडनाव काय?" आडनाव सांगितलं की पलीकडचा आवाज बदलायचा. एकाचा भाचा अचानक शिकायला येणार असायचा, दुसऱ्याला एकदम घर रंगवायचं निघायचं. असे तीन झाले. अरे वा रे वा! तुमच्या पगारपत्रकावर मी सही घेते आणि तुमच्या शेजारी राहायची माझी लायकी नाही? माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता राहीन तर इथेच, असा मी हेकाच धरला.

चौथा मालक नागपूरला राहायचा. त्याला फक्त सरकारी नोकरी हवी होती. आडनाव विचारायचं तो विसरला की त्याला पर्वा नव्हती, ठाऊक नाही. त्या घराच्या गच्चीवरही साडी टाकली, पण ती टाकायला मी एकटीच गेले होते. साडी दुधासारखी पांढरी निघाली. मायला ते घर मान्य करावं लागलं, कारण परीक्षा तिचीच होती आणि निकाल माझ्या बाजूनं लागला होता. एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. वस्तीत साडी दिवसभर आणि रात्रभर टाकली होती. लेआऊटमध्ये अवकाळी पाऊस पडून गेल्यावर टाकली आणि तीन तासांत काढली. मला ते कळत होतं. कळून मी गप्प बसले.

हवा तिथली खरंच चांगली होती, तेवढं खोटं नाही. दोन महिन्यांत मायचा दम्याचा पंप निम्म्यावर आला. रात्री उठून बसणं थांबलं. डॉक्टर खूश, मी तर काय, जग जिंकल्यासारखी. भेटेल त्याला सांगायची, बघा, वस्ती निवडावी तर अशी.

पण दिवसभर घरात माय एकटी. समोरचं फाटक बंद, शेजारचं फाटक बंद. लोक गाडीतून बाहेर पडायचे आणि गाडीतूनच आत जायचे. मागच्या नाल्याकडे बिबट दिसल्यापासून संध्याकाळी पाचलाच सगळे दारं लावून घ्यायचे, म्हणजे गावात ज्या वेळी माय ओट्यावर बसायची नेमक्या त्याच वेळी. सकाळी एक भाजीवाला यायचा, सिंदेवाहीकडचा, म्हणजे आमच्याच भागातला. तेवढाच तिचा माणूस. भाजी पावभर आणि बोलणं तासभर.

एक दिवस मला ऑफिसला उशीर होत होता आणि ही फाटकात त्याच्याशी हसत उभी. मी चारचौघांत ओरडले, "काय वं माय, भाजीवाल्यासंग काय मेळा भरवला? लोकं काय म्हणतीन?" एरवी मी शुद्ध बोलते, रागात गावची होते. तो बिचारा गाडा ढकलत निघून गेला. माय मेथीची जुडी घेऊन आत गेली आणि निवडत बसली. मी डबा घेतला आणि निघाले.

मग वड्यांचं झालं. एका रविवारी मायनं बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळले. आमच्याकडे चार घरी दिल्याशिवाय वडा तोंडात घालत नाहीत, ताटली गेलीच पाहिजे. तिनं लुगड्याच्या पदराखाली ताटली झाकून शेजारी नेली. शेजारीण दारात आली, "अगंबाई, कशाला त्रास!" म्हणाली, हसून ताटली घेतली. माय इतकी खूश, की दिवसभर तिचं तेच चाललं. किती चांगली बाई हाय, किती गोड बोलते. ताटली तिसऱ्या दिवशी कामवालीच्या हातून आली, घासून, रिकामी. आमच्या गावात रिकामी ताटली परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ते मी शहराची रीत म्हणून सोडून दिलं असतं. पण वडे दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला बाहेर आले होते, आणि त्यांच्या फाटकापाशी कागदावर सगळेच्या सगळे वडे पडलेले. एक मोकाट गाय ते खात होती. मी वळले तर माय माझ्या मागे उभी. तिनंही पाहिलं होतं.

मी झाडू टाकला आणि त्या फाटकाकडे निघाले. मायनं माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्या हातात कुठून आली, देव जाणे.

"जाऊ दे," म्हणाली. "गाय खाऊन राह्यली नं? वाया त नाई गेलं."

"वाया नाही गेलं? माय, त्यांनी..."

"मले ठाव हाय वं, काऊन टाकले थे. तुह्यापेक्षा जास्त ठाव हाय." तिनं मला आत आणलं. "आपण आपलं राहू."

मी म्हटलं, "आता तर मी इथून हलतच नाही. छातीवर पाय देऊन राहीन यांच्या. बघते कोण काढते." मला वाटलं, मी मायचा मान राखते आहे. माय माझ्याकडे नुसती पाहत राहिली आणि चहा ठेवायला गेली. त्या घरात भांडायला मी होते, आणि त्या भांडणात दिवसभर राहायला ती. हे एवढं साधं मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर ती रविवारी वस्तीतल्या विहारात जायला लागली. आषाढ पौर्णिमेपासून तिथे वर्षावासाचं, म्हणजे पावसाळाभर धम्मग्रंथाचं, वाचन असतं, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. मायला वाचता येत नव्हतं. ऑटोवाल्याला ती स्वतःच फोन करायची, सकाळी जायची, दुपार टळल्यावर यायची. माझा रविवार कपडे धुण्यात आणि झोपण्यात जायचा. तिच्यासोबत मी एकदाही गेले नाही. परतल्यावर ती खोकायची, तेव्हा मी म्हणायची, "पाहिलंस? जा अजून त्या धुळीत." तरी ती जायची.

थंडीत, एका साध्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास मायच्या छातीत कळ आली. फाटकापर्यंत ती कशीबशी आली असावी. भाजीवाल्यानं तिला फाटकाला टेकून बसलेली पाहिली आणि तिच्याच फोनवरून मला फोन लावला. "बाई, लवकर या, मावशीले बरं नाई." तोच तिला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेला. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. दम्याचा काही संबंध नव्हता. दमा तर चांगलाच आटोक्यात होता, असंही म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणार्थ वंदनेच्या दिवशी लेआऊटमधून ऑफिसातले दोघे आले, दहा मिनिटं उभे राहिले. वस्तीतून दोन ऑटो भरून बाया आल्या. मी त्यातल्या एकीलाही ओळखत नव्हते, आणि त्या मायसाठी घरच्यासारख्या रडत होत्या. वंदना झाली, जेवणं झाली. सगळ्या निघाल्या तरी एक म्हातारी बाई मागे रेंगाळली. दारापाशी आली आणि हळूच म्हणाली,

"बाई, इचारू नये, पर इचारतो. थे खोली आता दुसऱ्याले देऊ काय?"

"कोणती खोली?"

ती चपापली. "तिनं नाई सांगितलं तुमाले? आमच्या घरामागं एक खोली हाय, रिकामी. पाहून गेली होती नं थे. मने, हप्त्यातले चार दिवस इथी राहीन, तीन दिवस पोरीकडं."

मी म्हटलं, "मला काहीच बोलली नाही ती."

"सांगणार होती," ती बाई घाईनं म्हणाली, जणू मायची बाजू सावरायला. "मने, पोरगी माही सोन्यासारखी हाय, पर तापट हाय. माह्यासाठीच एवढं घर केलं तिनं, तिले लागन. कोणत्या तरी दिवशी थे हासत घरी येईन, त्या दिवशी सांगतो. मी दर रविवारी इचारो, सांगितलं काय वं? तर मने, या हप्त्यात नाई जमलं."

"कधी पाहिली होती खोली तिनं?"

"वाचन सुरू झालं त्याच महिन्यात."

मी तिला सांगितलं, खोली देऊन टाका दुसऱ्याला. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली आणि मी दारातच बसले. आषाढातली गोष्ट, आणि माय गेली थंडीत. म्हणजे पाच महिने. पाच महिने रोज संध्याकाळी मी घरी आले की तिनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आज नको म्हणून चहा ठेवायला गेली.