कापलेल्या बाह्या

लातुरात आमच्या घरासमोरच्या शाळेत डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र असतं. गेल्या उन्हाळ्यात परीक्षेच्या दिवशी मी ओट्यावर नुसती बसून होते. हे गेल्यापासून माझं तेच चाललं होतं. जेवणावर वासना नाही, झोप नाही, आणि डॉक्टर "रोज चालत जा" म्हणाले की त्यांच्यावरच चिडायचं.

तेवढ्यात समोरून एक बाप रडणाऱ्या मुलीला घेऊन पळत आला.

"मावशी, कैची हाय का वो घरात?"

उमरीहून आले होते. लेकीला परीक्षेला नवा ड्रेस पाहिजे म्हणून यानं हौसेनं घेतला, तो नेमका लांब बाह्यांचा! लांब बाह्या परीक्षेला चालत नाहीत म्हणून फाटकावर अडवलं. दीडला फाटक बंद होणार होतं.

मी पोरीला आत नेलं, अंगावर माझा गाऊन दिला आणि ड्रेसच्या बाह्या कोपराशी कापल्या. धागे लोंबायला लागले तशी ती आणखीच रडायला लागली. "समदे हसतील मला." असल्या डोळ्यांनी ही काय पेपर लिहिणार? मी शिलाई मशीनवरची चादर ओढून फेकली.

"शिवू नका वो, टाइम न्हाई!" बाप बाहेरून ओरडला.

"तुम्ही गप बसा!" मी खेकसले.

मशीन हलेना. तिला तेल घालणं हे यांचं काम, वर्षभर कुणी घातलंच नव्हतं. मी हातानं चाक रेटलं, पुन्हा रेटलं, आणि खडखडत सुई धावायला लागली! काय सांगू, माझ्या अंगात वारंच शिरलं.

बाह्या दुमडून शिवल्या, ड्रेस पोरीच्या अंगात चढवला, तिचं तोंड पुसलं आणि तिचा हात धरून अनवाणीच रस्ता ओलांडला. डांबर तापलेलं होतं, तेही कळलं नाही. फाटक ओढत होते तेवढ्यात ती आत शिरली. शिरली एकदाची! मी आणि तिचा बाप वेड्यासारखे हात हलवत राहिलो.

बाप तिथंच उन्हात बसणार होता. त्याला घरी आणून भाकरी-आमटी वाढली. त्याच्याबरोबर मीही जेवले आणि आमटी पाहुण्यासारखी पुन्हा वाढून घेतली, माझ्याच घरात, माझ्याच हातानं.

पेपर सुटल्यावर पोरगी आली ती हसतच.

"चांगला गेला. आन मावशी, शेजारची मुलगी इचारत होती, ड्रेस कुठं शिवला म्हणून!"

मला इतका आनंद झाला की मी तिला कुशीतच घेतलं. दोघांना ऑटोत बसवलं आणि तशीच पुढं बाजारात गेले, मशीनचं तेल आणायला. चालत गेले. डॉक्टरांना मात्र अजून सांगितलेलं नाही.